लॅटिमर ह्यांच्या वडिलांचे शेत

(अभ्यासपाठ : मंडळीतील अभ्यासवर्ग व शब्बाथशाळेचे शिक्षक ह्यांच्यासाठी)

शास्त्रवाचन : १ राजे २१:१-१६; नीतिसूत्रे ३१:१०-३१; यशया ५:८-१०; लूक १२:१३-२१.

पाठाचा उद्देश : एखाद्या घराची मालमत्ता किती आहे, एवढेच न पाहता त्या मालमत्तेतून कोणाकोणाचे पोषण होते, हे पाहावयास शिकणे.

बिशप ह्यू लॅटिमर हे नाव आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक आहे ते त्यांच्या मरणामुळे. १६ ऑक्टोबर १५५५ रोजी ऑक्सफर्ड येथे बिशप रिडले ह्यांच्याबरोबर त्यांना खांबाला बांधून जाळण्यात आले. शब्बाथशाळेत हुतात्म्यांच्या गोष्टी सांगताना आपण बहुधा त्या दिवसापासूनच सुरुवात करतो. परंतु हा मनुष्य कोणत्या घरातून आला, त्याच्या शाळेचा खर्च कोणी केला, त्या घराची चूल कशावर पेटत होती, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतो. आजच्या पाठात आपण तो विचारणार आहोत. त्याचे उत्तर लॅटिमर ह्यांनी स्वतःच, भर राजदरबारात दिलेले आहे.

१. प्रवचनात आलेले शेत

८ मार्च १५४९ रोजी, उपवासकाळात, लॅटिमर ह्यांनी सहावा एडवर्ड राजा ह्याच्यासमोर प्रवचन केले. राजाचे वय तेव्हा अवघे ११ वर्षांचे होते. वेस्टमिन्स्टरच्या राजवाड्यातील बागेत व्यासपीठ उभारले होते आणि ऐकावयास दरबारातील मोठमोठे जमीनदार बसले होते. अशा सभेत लॅटिमर ह्यांनी आपल्या वडिलांच्या शेताचा हिशेब मांडला.

त्या हिशेबाचा सारांश असा : वडील योमन होते, त्यांची स्वतःच्या मालकीची जमीन नव्हती. वर्षाला फार तर तीन-चार पौंड खंडाने घेतलेले एक शेत ते करीत. त्या शेतावर ते सहा गडी पोसण्याइतकी नांगरट करीत. शंभर मेंढ्यांना पुरेल एवढे चराऊ रान होते आणि आई तीस गाईंचे दूध काढी. राजाला गरज पडली तेव्हा वडील स्वतःच्या घोड्यावर, स्वतःच्या चिलखतानिशी हजर झाले. मुलाला शाळेत घातले. मुलींची लग्ने प्रत्येकी पाच पौंड किंवा वीस नोबल देऊन केली आणि त्यांना देवाच्या भयात वाढविले. गरीब शेजाऱ्यांना घरी जेवूखाऊ घातले, भिक्षाही दिली. आणि एवढे सगळे त्या एका शेतातून झाले.

ह्यानंतर लॅटिमर ह्यांनी शेवटची गोष्ट सांगितली. तेच शेत आता ज्याच्याकडे आहे तो वर्षाला सोळा पौंड किंवा त्याहून अधिक खंड भरतो. आणि त्याच्याच्याने राजासाठी काही होत नाही, स्वतःसाठी नाही, मुलांसाठी नाही, दारी आलेल्या गरिबाला पेलाभर पेय देणेही होत नाही.

आपला सर्व पाठ ह्या दोन चित्रांमधील अंतरात आहे.

२. योमन म्हणजे कोण?

इंग्लंडच्या ग्रामसमाजात वरच्या बाजूस सरदार व जमीनदार घराणी होती. खाली मोलमजूर होते. मध्ये स्वतः नांगर धरणाऱ्या शेतकऱ्यांचे थर होते. त्यांतील लहान शेतकऱ्याला ‘हजबंडमन’ म्हणत व सधन, प्रतिष्ठित शेतकऱ्याला ‘योमन’ म्हणत. कायद्याच्या भाषेत वर्षाला चाळीस शिलिंग उत्पन्नाची स्वतःची मुक्त जमीन असलेला तो योमन; एवढी जमीन असणाऱ्यास परगण्याचे पार्लमेंट सभासद निवडताना मत देता येई. परंतु लोकव्यवहारात इतके काटेकोर मोजमाप नव्हते. लॅटिमर ह्यांच्या वडिलांची स्वतःची जमीन नव्हती, तरी मुलगा त्यांना योमन म्हणतो; तर हुतात्म्यांचा इतिहास लिहिणारे जॉन फॉक्स त्यांनाच चांगल्या लौकिकाचे हजबंडमन म्हणतात. म्हणजे हे नाव सातबाऱ्यापेक्षा माणसाच्या वागणुकीवर व ऐपतीवर अधिक अवलंबून होते.

हे शेत लेस्टर शहराच्या उत्तरेस थर्कास्टन ह्या गावी होते. मध्य इंग्लंडच्या त्या मुलखात गावची जमीन बहुधा दोन किंवा तीन मोठ्या शिवारांत विभागलेली असे, आणि प्रत्येक शेतकऱ्याच्या वाट्याला प्रत्येक शिवारात लांबट पट्टे येत. एका शिवारात हिवाळी गहू किंवा राय, दुसऱ्यात जव, वाटाणा व घेवडा, आणि तिसरे पडीक ठेवून त्यावर गुरे चारावयाची. कापणी झाली की सर्वांची गुरे सर्वांच्या रानात फिरत. कोणी मनास येईल तेव्हा पेरावे आणि मनास येईल तेव्हा कापावे, असे तेथे चालत नसे. शेजाऱ्याशी जुळवून घेणे हा तेथे सद्गुण तर होताच, पण शेतीची गरजही होती.

३. घरातील माणसे

त्या काळी ‘कुटुंब’ ह्या शब्दात केवळ आईबाप व मुले येत नसत. घरात राहणारे नोकरही कुटुंबातच मोजले जात. शेतावरचे गडी, विशेषतः तरुण अविवाहित मुले, वर्षाच्या कराराने राहत, धन्याच्या छपराखाली झोपत आणि त्याच्याच घरचे अन्न खात. सहा गडी पोसणे म्हणजे रोज सहा माणसांचे ताट अधिक वाढणे.

ते ताट कोण वाढीत होते? लॅटिमर ह्यांनी आपल्या आईचे नाव प्रवचनात सांगितले नाही. तिचे काम मात्र सांगितले. तीस गाईंचे दूध! दूध काढले म्हणजे काम संपत नाही. ते विरजणे, लोणी काढणे, चीज करणे, मुरविणे, बाजारात नेऊन विकणे, हे सर्व पुढे असते. १५२३ साली छापलेल्या फिट्झहर्बर्ट ह्यांच्या शेतीविषयक पुस्तकात शेतकऱ्याच्या पत्नीच्या कामांची लांबलचक यादी आहे : गाई, वासरे, डुकरे, कोंबड्या, परसबाग, सूतकताई, धान्य उफणणे, आणि वेळ पडल्यास खताची गाडी भरण्यास किंवा नांगर हाकण्यास मदत करणे. त्याच ठिकाणी एक चांगला नियमही दिला आहे. बाजारातून आल्यावर पत्नीने पतीला पैशाचा हिशेब द्यावा आणि पती बाजाराला गेला तर त्यानेही पत्नीला तसाच हिशेब द्यावा. कारण एकाने दुसऱ्याला फसविले तर तो स्वतःलाच फसवितो. नीतिसूत्रांच्या ३१ व्या अध्यायातील सद्गुणी स्त्री शेत विचारपूर्वक विकत घेते व आपल्या हातांच्या कमाईतून द्राक्षमळा लावते. थर्कास्टनची ही बाई त्याच जातकुळीची होती.

फॉक्स ह्यांच्या लेखनावरून कळते की ह्या आईबापांना सहा मुली होत्या आणि उरलेला एकच मुलगा, ह्यू. शेतकऱ्याच्या घरी एकुलता मुलगा असला तर त्याने काय करावे असे कोणालाही वाटेल? त्याने शेत धरावे. परंतु मुलाची बुद्धी तल्लख आहे असे पाहून त्यांनी त्याला लहानपणीच शाळेत घातले आणि चौदाव्या वर्षी केंब्रिजला पाठविले. १५१० मध्ये तो तेथील क्लेअर हॉलचा फेलो झाला. बापाने मुलाला केवळ पुस्तकांच्या स्वाधीन केले असेही नाही. धनुष्य कसे ओढावे, नुसत्या हाताच्या बळावर नव्हे तर सर्व अंगाचा भार देऊन, हे वडिलांनीच शिकविले, आणि वय व शक्ती वाढेल तसे मोठे धनुष्य आणून दिले, असे लॅटिमर त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका प्रवचनात सांगतात. मुलाच्या शक्तीप्रमाणे धनुष्याचे माप बदलणारा हा बाप शिक्षकांनी लक्षात ठेवण्यासारखा आहे.

४. शेताची सहा दारे

आता हिशेब पुन्हा पाहू. ह्या शेतातून धान्य, लोकर व दूध घरात आले आणि निदान सहा दारांनी बाहेर गेले.

पहिले दार गड्यांचे. सहा माणसांना काम व अन्न मिळाले.

दुसरे दार राजाचे. १४९७ साली कॉर्नवॉलचे लोक नव्या कराविरुद्ध उठून लंडनजवळ ब्लॅकहीथपर्यंत आले, तेव्हा लॅटिमर ह्यांचे वडील सातव्या हेन्री राजाच्या बाजूने घोड्यावर बसून गेले. त्या दिवशी वडिलांच्या चिलखताचे पट्टे आपण बांधल्याचे लॅटिमर ह्यांना पन्नास वर्षांनंतरही आठवत होते.

तिसरे दार शाळेचे. ह्या दारातून पुढे वूस्टरचा बिशप निघाला. वडिलांनी शाळेत घातले नसते तर आज राजासमोर प्रवचन करावयास आपण उभे राहिलो नसतो, असे लॅटिमर स्पष्ट म्हणतात.

चौथे दार मुलींचे. नोबल म्हणजे ६ शिलिंग ८ पेन्स. तेव्हा वीस नोबल म्हणजे ६ पौंड १३ शिलिंग ४ पेन्स. सहाही मुलींना प्रत्येकी पाच पौंड दिले असे धरले, तरी तीस पौंड होतात. तीन-चार पौंड खंडाच्या शेतावर ही रक्कम आठ-दहा वर्षांच्या खंडाएवढी झाली. मुलाच्या शिक्षणासाठी मुलींच्या वाट्याला हात लावला नाही, ही गोष्ट वर्गात अवश्य सांगावी.

पाचवे दार शेजाऱ्यांचे आणि सहावे भिकाऱ्यांचे. ह्या दोहोंत लॅटिमर ह्यांनी फरक केला आहे. शेजाऱ्याला घरात बसवून जेवू घालणे वेगळे आणि दारी आलेल्याला भिक्षा घालणे वेगळे. त्या घरी दोन्ही होत होते.

५. चार पौंडांचे सोळा पौंड

पुढे काय झाले? शेत तेच राहिले, माती तीच राहिली. खंड मात्र चारपटीहून अधिक झाला. जास्तीचे बारा पौंड दरवर्षी जमीनदाराकडे जाऊ लागले. वडिलांच्या काळच्या भावाने एवढ्या पैशात दरवर्षी दोन मुलींची लग्ने झाली असती.

खंड वाढविणाऱ्याने बहुधा असा विचार केला नसेल की आपण एका मुलाची शाळा बंद करीत आहोत किंवा एका गरिबाच्या हातातील पेला काढून घेत आहोत. त्याने फक्त आकडा बदलला. दारे बंद झाली ती कुळाच्या घरची, त्याच्या नजरेआड. अहाब राजाने नाबोथाचा द्राक्षमळा रक्त सांडून घेतला. येथे रक्ताचा थेंबही सांडला नाही आणि शेत कुळाच्या नावावरच राहिले. परंतु त्या शेताचे जे फळ घराला मिळावयाचे ते गेले.

लॅटिमर ह्यांनी ह्यातून एक निष्कर्ष काढला, तो मंडळीने ऐकण्यासारखा आहे. ते म्हणाले की ख्रिस्ताचा विश्वास मुख्यतः योमनांच्या मुलांनीच राखला आहे. श्रीमंतांची मुले धर्मसेवेकडे वळत नाहीत आणि गरिबाला मुलगा शिकविणे परवडत नाही. तेव्हा मधला शेतकरी बुडाला तर पुढच्या पिढीचे उपदेशक कोठून यावयाचे? खंडाच्या आकड्याचा व्यासपीठाशी असा सरळ संबंध त्यांनी जोडला, आणि तो खंड घेणाऱ्यांच्या तोंडावर सांगितला.

६. दोष कोणाचा?

सत्याला धरून बोलावयाचे तर सर्व दोष एकट्या जमीनदाराच्या माथी मारता येत नाही. त्या शतकात लोकसंख्या वाढत होती. आठव्या हेन्री राजाने १५४४ पासून नाण्यातील चांदी फार कमी केली, त्यामुळे पैशाची किंमत उतरली आणि धान्याचे भाव चढले. जुन्या खंडावर राहणाऱ्या जमीनदाराचेही घर चालेनासे झाले. कित्येकांनी शेतीपेक्षा मेंढ्यांत लाभ पाहून रान कुंपणात घातले. १५४८ साली सरकारने ह्या कुंपणांची चौकशी सुरू केली. १५४९ च्या उन्हाळ्यात, म्हणजे लॅटिमर ह्यांच्या प्रवचनानंतर काही महिन्यांतच, नॉरफोक परगण्यात कुंपणे मोडणाऱ्यांचा मोठा उठाव झाला. त्याचा पुढारी रॉबर्ट केट हा स्वतः जमीनवाला होता. लोक त्याचे कुंपण मोडावयास आले तेव्हा तो त्यांनाच जाऊन मिळाला. डिसेंबर १५४९ मध्ये त्याला फाशी देण्यात आली.

आणि सर्वच योमन बुडाले असेही नाही. ज्यांची जमीन स्वतःची होती, किंवा ज्यांचा करार लांब मुदतीचा व खंड जुना होता, त्यांचे धान्य चढ्या भावाने विकले गेले व खंड तोच राहिला. १५७७ मध्ये विल्यम हॅरिसन हे धर्मोपदेशक लिहितात की योमन उधळ्या सरदारांच्या जमिनी विकत घेत आहेत आणि मुलांना विद्यापीठांत पाठवीत आहेत. त्यांच्या गावचे म्हातारे सांगत की पूर्वी उशाला लाकडाचा ओंडका असे, आता उशा आल्या. लाकडी ताटांच्या जागी कथलाची भांडी आली. एकाच भाववाढीने एक योमन वर चढला आणि दुसरा खाली गेला. पुष्कळदा दोघांच्या कष्टांत फरक नव्हता. फरक कराराच्या कागदात होता. म्हणून जो वर चढला त्याने ते केवळ आपल्या हुशारीचे फळ समजू नये.

७. मृत्युपत्रातील शेत

शेत जिवंतपणी कसे वाटले गेले ते पाहिले. मरताना कसे वाटले जाई, ह्याचे एक उदाहरण पाहू. लॅटिमर ह्यांच्या मरणानंतर तेरा महिन्यांनी, २४ नोव्हेंबर १५५६ रोजी, वॉरिकशायरमधील विल्मकोट गावचे सधन शेतकरी रॉबर्ट आर्डन ह्यांनी मृत्युपत्र केले. त्यांना आठ मुली होत्या. सर्वांत धाकटी मेरी हिला त्यांनी ‘ॲस्बीज’ नावाची जमीन उभ्या पिकासह दिली आणि वर ६ पौंड १३ शिलिंग ४ पेन्स रोख दिले. ही रक्कम लॅटिमर ह्यांच्या वीस नोबलांएवढीच आहे. मेरी व तिची बहीण ॲलिस ह्या दोघींना त्यांनी मृत्युपत्राच्या अंमलबजावणीसाठी नेमले.

पत्नी ॲग्नेस ही मुलींची सावत्र आई होती. तिलाही तेवढीच रक्कम दिली, परंतु एका अटीवर : विल्मकोटच्या कुळवहिवाटीच्या जमिनीचा अर्धा भाग तिने ॲलिसला सुखाने वापरू द्यावा, न दिल्यास रक्कम निम्मी होईल. घरातील तेढ बाप ओळखून होता, हे ह्या अटीवरून दिसते. आणखी एक लहानसे कलम आहे. ज्या घरी नांगराला जोडावयास स्वतःची जनावरे नाहीत, अशा ॲस्टन पॅरिशमधील प्रत्येक घराला चार पेन्स द्यावेत. गरीब कोण, हे शेतकऱ्याने शेतकऱ्याच्या मापाने ठरविले!

मृत्यूनंतर शेजाऱ्यांनी घर, गोठा व कोठार फिरून प्रत्येक वस्तूची किंमत लावली. बैल, गाई, घोडे, मेंढ्या, डुकरे, मधमाश्या, कोंबड्या, भिंतीवरची रंगीत कापडे, सर्व मिळून ७७ पौंड ११ शिलिंग १० पेन्स झाले. पुढे मेरी हिचे जॉन शेक्सपिअर ह्यांच्याशी लग्न झाले; नाटककार विल्यम शेक्सपिअर हा त्यांचा मुलगा. परंतु बापाने दिलेली ॲस्बीजची जमीन पतिपत्नींनी १५७८ साली चाळीस पौंडांसाठी गहाण टाकली, तीही मेरीच्या बहिणीच्या नवऱ्याकडे. पुढे कज्जे झाले. जमीन परत आली नाही. वतनाच्या वाटणीसाठी प्रभूकडे आलेला लूक १२ मधील मनुष्य आपल्याला येथे आठवतो. जमीन बापाने दिली, पण ती भावंडांत टिकवून धरण्याचे सामर्थ्य कोणतेच मृत्युपत्र देऊ शकत नाही.

८. आपल्यासाठी

थर्कास्टनचे शेत लॅटिमर ह्यांच्या वडिलांचे कधीच नव्हते. ते कूळ होते. तरीही त्या उसन्या जमिनीतून सहा गडी जेवले, सहा मुली सासरी गेल्या, एक मुलगा शिकला, शेजारी तृप्त झाले. लूक १२ मधील धनवानाची जमीन स्वतःची होती, पीकही भरपूर आले होते, आणि त्याच्या मनात आले ते फक्त आणखी मोठी कोठारे बांधण्याचे. दोघांचे उत्पन्न तोलून पाहू नका. दोघांची दारे मोजा.

आपल्यापैकी कोणाची शेती असेल, कोणी नोकरीवर असेल, कोणी घराची खोली किंवा दुकानाचा गाळा भाड्याने देत असेल. भाडे वाढविणे हे पाप आहे असे हा पाठ सांगत नाही. भाव चढतात तेव्हा भाडेही चढते. परंतु आकडा बदलण्यापूर्वी त्या घरी जाऊन बसावे, मुले कोणत्या इयत्तेत आहेत ते विचारावे, आणि आपल्या वाढीने त्यांचे कोणते दार बंद होईल ह्याचा विचार देवासमोर करावा, एवढे तरी आपल्या हातून व्हावे.

शिक्षकांसाठी सूचना : फळ्यावर एक घर काढून त्याला सहा दारे काढावीत. वडिलांच्या शेताचा हिशेब सांगताना मुलांकडून एकेक दार उघडवून घ्यावे. मग खंडाचा आकडा चारवरून सोळा करावा आणि आता कोणते दार प्रथम बंद करावे लागेल, हे मुलांनाच ठरवू द्यावे. त्यांची उत्तरे ऐकण्यासारखी असतील. ती दुरुस्त करण्याची घाई करू नये.

चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या घरच्या उत्पन्नाला किती दारे आहेत? त्यांतील कोणते दार गेल्या काही वर्षांत बंद झाले, आणि का?

२. लॅटिमर ह्यांच्या आईवडिलांनी एकुलत्या मुलाला शेतावर ठेवले नाही. आपल्या मंडळीतील हुशार पण गरीब मुलाच्या किंवा मुलीच्या शिक्षणाचे दार कोणी उघडावयाचे?

३. नाबोथाने आपले वतन विकण्यास नकार दिला. आर्डन ह्यांच्या मुलीने ते गहाण टाकले. वतन राखणे केव्हा योग्य आणि सोडणे केव्हा योग्य?

४. शेजाऱ्याला जेवू घालणे आणि भिक्षा देणे ह्यांत लॅटिमर ह्यांनी जो फरक केला, तो आपल्या मंडळीच्या दानधर्मात दिसतो काय?